मनातला अबॅकस आणि बुद्धीविषयीचे दावे

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. मुलाने रोज पंधरा मिनिटे डोळे मिटून मनातल्या मनात अबॅकसचे, म्हणजे हिशेबाच्या मण्यांच्या चौकटीचे, मणी सरकवले की त्याचा झोपलेला उजवा मेंदू जागा होतो, सर्व विषयांतली स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढते, प्रत्यक्ष अबॅकस हाती घेण्याची गरज उरत नाही, आणि ज्याला मणी दिसत नाहीत ते मूल मनापासून प्रयत्न करत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी गणित शिकवते, आणि या संदेशातला शेवटचा दावा मला सर्वांत जास्त खुपतो; परंतु क्रमानेच जाऊ.

उजवा मेंदू झोपलेला असतो, हे विधान निराधार आहे. निरोगी माणसाच्या मेंदूचे दोन्ही गोलार्ध सतत एकत्र काम करतात. अबॅकसमध्ये निष्णात असलेल्या व्यक्तींच्या मेंदूची चित्रणे घेतली, तेव्हा मनातल्या हिशेबाच्या वेळी दोन्ही बाजूंचे दृश्य-अवकाशीय, म्हणजे आकार आणि जागा यांचे भान ठेवणारे, भाग सक्रिय झालेले आढळले.

स्मरणशक्ती आणि एकाग्रतेचा दावा अधिक गंभीरपणे तपासायला हवा, कारण पालक पैसे भरतात ते त्यासाठीच. शेजारच्या गुजरातमध्ये, वडोदऱ्यातील एका शाळेत, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून तीन वर्षे अभ्यास केला, आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला मनातला अबॅकस शिकवला, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीचे जादा गणित दिले. अबॅकसच्या गटाची अंकगणितातली प्रगती खरोखरच अधिक झाली, आणि ते मान्य करण्यात मला आनंदच आहे. मात्र मूलभूत बौद्धिक क्षमतांत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. उलट ज्यांची दृश्य स्मृती मुळात चांगली होती, त्यांनाच या पद्धतीचा अधिक लाभ झाला. चीनमधील काही संशोधकांना लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर वळवण्यासारख्या क्षमतांत फरक आढळला आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण तेवढ्यावरून इतिहासाचे धडे लवकर पाठ होतील असे म्हणता येत नाही. १९८० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका प्रयोगाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातील विद्यार्थी दीर्घ सरावाने एकदा ऐकलेले ७९ अंक क्रमाने सांगू लागला होता, परंतु अंकांऐवजी अक्षरे दिली की त्याची मजल सहाच्या आसपासच राहिली. सराव ज्या गोष्टीचा केला, तिथेच त्याचे फळ मिळाले.

प्रत्यक्ष अबॅकस नको, हे म्हणणे तर या विद्येच्या मुळावरच येते. तीनात चार मिळवताना खालचे मणी पुरत नाहीत, म्हणून पाचाचा वरचा मणी खाली आणून खालचा एक मणी मागे सारायचा, ही चाल आधी बोटांत बसते आणि मग मनात उतरते. तयार मुलेसुद्धा मनात हिशेब करताना हवेत बोटे हलवतात. केवळ कल्पनेतल्या सरावाला किंमत नाही असे नाही. १९९५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ पास्क्वाल-लिओने यांनी पियानोवर केलेल्या प्रयोगात मनात सराव करणाऱ्यांचीही प्रगती झाली, तरी प्रत्यक्ष पट्ट्यांवर बोटे चालवणारे पुढेच राहिले.

आता तो शेवटचा दावा. मनात चित्र उमटण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते, हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्येच नोंदवले होते, आणि ज्यांच्या मनात चित्र उमटतच नाही अशांच्या स्थितीला मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये अफँटेसिया हे नाव दिले. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्याला असे चित्र दिसत नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. तेव्हा "मला मणी दिसत नाहीत" असे सांगणारे मूल बहुधा खरेच सांगत असते, आणि त्याला आळशी ठरवणे हा अन्याय आहे. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे तालावर म्हणत वाढलेल्या पिढ्यांनी बाजारातले अपूर्णांकांचे हिशेब तोंडी केले. त्यांच्या कानात पाढ्याचा नाद होता, डोळ्यांपुढे मणी नव्हते. ज्या मुलाच्या मनात चित्र उभे राहत नाही, त्याच्यासाठी ती वाट आजही मोकळी आहे.