सही आधी, काम नंतर

नव्या शैक्षणिक धोरणाखाली ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आल्यापासून महाराष्ट्रातल्या इंग्रजी विभागांत एकच प्रश्न फिरतो आहे: कॉमर्सची मुलं सीएच्या ऑफिसात जातील, आमची कुठे जाणार? मग कोणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकेत बघा, इंग्रजीची मुलंसुद्धा इंटर्नशिपवर क्रेडिट मिळवतात. मिळवतात, खरं आहे. पण मी इथे अमेरिकेत बघतो आहे ते सगळंच उचलण्यासारखं नाही.

आधी तासांचं बोलू. यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा ४ क्रेडिटचे १२० तास. इथे विद्यापीठागणिक हिशेब बदलतो, पण एका क्रेडिटला ४० ते ५० तास ही नेहमीची पट्टी. म्हणजे तेवढ्याच १२० तासांत इथे जेमतेम ३ क्रेडिट पदरात पडतात. शिवाय बहुतेक ठिकाणी ती ऐच्छिक असतात, आणि मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरायची की नुसत्या मोकळ्या क्रेडिटमध्ये, हे विभाग ठरवतो. हे आधी विचारून न घेणाऱ्याला शेवटच्या सत्रात कळतं की मेजरचा एक कोर्स कमी पडतोय.

खरी गोम करारात आहे. काम सुरू होण्याआधी विद्यार्थी, विभागातले प्राध्यापक आणि कामाच्या ठिकाणचा मार्गदर्शक अशा तिघांच्या सह्यांचा एक कागद होतो आणि सत्राच्या मुदतीत कोर्सची नोंदणी होते. आधी उन्हाळाभर काम केलं आणि सप्टेंबरात क्रेडिट मागितलं, तर सहसा मिळत नाही. त्या कागदावर ‘संवादकौशल्य सुधारणे’ असं लिहिलं की चांगले प्राध्यापक तो परत पाठवतात. त्यांना हवं असतं ते असं: महिन्याला ८०० शब्दांची दोन बातमीपत्रं, ४० पानांचं मुद्रितशोधन, संस्थेच्या अनुदान-अर्जाचा एक कच्चा मसुदा. कारण क्रेडिट तास भरल्याचं नसतंच. ते मिळतं आठवड्याच्या नोंदींवर, शेवटच्या आठ-दहा पानी निबंधावर आणि कामाच्या नमुन्यांवर. नमुन्यांपाशीच गाडी अडते. वकिलाचं ऑफिस किंवा कंपनी शेवटी सांगते, आमचे कागद बाहेर जाणार नाहीत. म्हणून नावं झाकून कोणता मजकूर दाखवता येईल, हे करारातच लिहून घ्यावं लागतं.

आता जे उचलू नये ते. क्रेडिट म्हणजे फी. उन्हाळी सत्रात ती बहुधा क्रेडिटवर मोजून घेतात. क्रेडिटमागे ५०० डॉलर धरले, तरी बिनपगारी काम करायला विद्यार्थी पदरचे १,५०० डॉलर भरतो! त्यात ‘पगार नाही, फक्त क्रेडिट’ अशा जाहिराती. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला बिनपगारी इंटर्न ठेवता येतो का, हे ठरवायला इथलं कामगार खातं २०१८पासून सात निकषांची कसोटी लावतं: खरा फायदा कोणाचा, विद्यार्थ्याचा की कंपनीचा? क्रेडिटशी जोडणी हा त्यातला फक्त एक निकष. पण अनेक कंपन्या तेवढ्यालाच ढाल करतात.

इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक सावधगिरी. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर नुसतं क्रेडिट पुरत नाही. सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी, त्या ठरावीक कंपनीसाठी आणि ठरावीक तारखांसाठी, आय-२०वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर) चढल्याशिवाय पहिला दिवसही भरायचा नाही. पदवीच्या मुलांना त्याआधी साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण करावं लागतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्याच पातळीवरची ओपीटी, म्हणजे बहुधा पदवीनंतर वापरायची कामाची परवानगी, गेली. आणि इंग्रजीवाल्यांच्या हातात ओपीटीचे १२च महिने असतात. इंजिनिअरिंगवाल्यांची २४ महिन्यांची वाढ त्यांना नाही.

तर पुन्हा घरचा प्रश्न. मुलं कुठे जाणार? तालुक्याच्या ग्रंथालयात जुन्या इंग्रजी पुस्तकांची नोंदयादी, वस्तुसंग्रहालयातल्या पाट्यांची भाषांतरं, शेतकरी उत्पादक कंपनीची निर्यात-माहितीपत्रकं, रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हातात पडणाऱ्या इंग्रजी सूचनांचं सोपं मराठी (हे डॉक्टरांनी तपासून द्यायचं, एवढी अट). कामाला तोटा नाही. तोटा आहे तो ते काम वाचणाऱ्याचा. अमेरिकेत एक प्राध्यापक एका सत्रात मोजक्या इंटर्नचे निबंध वाचतो. ओजेटी अख्ख्या वर्गाला सक्तीची केली आणि साठ मुलांमागे दोनच शिक्षक ठेवले, तर काम न करताच प्रमाणपत्रावर ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का येणारच. त्यात मुलांचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा जास्त. मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजा, मग प्रमाणपत्रांच्या खरेखोटेपणावर बोलू.

तोवर विभागाला स्वतःच्या अखत्यारीत करता येण्यासारखी एक गोष्ट आहे: ओजेटीच्या फॉर्मवर तिघांच्या सह्यांपुढे तारखेचा रकाना छापायचा, आणि ती तारीख कामाच्या पहिल्या दिवसाच्या नंतरची असेल तर फॉर्म घ्यायचा नाही.