‘नक्षी म्हणजे गुन्हा’ असं आडोल्फ लोस म्हणालाच नव्हता

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार आडोल्फ लोस याच्या नावावर ‘नक्षी म्हणजे गुन्हा’ हे वाक्य फिरतंय. सोबत टीप, की त्याच्या इमारती कोऱ्या भिंतींच्याच. त्याच्या प्रसिद्ध निबंधाचं नाव ‘नक्षी आणि गुन्हा’. ‘आणि’ गाळलं की अर्थच पालटतो! त्याचा राग होता तो कारागिराचे श्रम आणि महागडा माल फुकट घालवणाऱ्या, काळाशी नातं तुटलेल्या नक्षीवर. नक्षी सरसकट हद्दपार करा असं आपण म्हटलंच नव्हतं, हे त्याने 1924 मध्ये स्वतःच लिहिलं.

आणि कोऱ्या भिंती? व्हिएन्नातल्या मिखाएलरप्लात्झ चौकातल्या त्याच्या इमारतीचा वरचा भाग सपाट गिलाव्याचा, हे खरं. पण खाली हिरवट शिरांचा चिपोलिनो संगमरवर झळकतो. व्हिएन्नातलाच 1908 चा त्याचा चिमुकला ‘अमेरिकन बार’ तर महोगनी लाकूड, ऑनिक्स दगड आणि आरशांनी मढवलेला.