‘आधी पाणी द्या, मग मनाचे बोला’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपुरातील वस्त्या आणि मानसिक आरोग्य या विषयावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की नैराश्य हा पोट भरलेल्यांचा आजार आहे, ज्या घराला टँकरची वाट पाहावी लागते त्या घराला आधी नळ आणि काम हवे, आणि शिबिरे घेऊन गरिबाला ‘मनाने खंबीर व्हा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या हालाखीचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. यातील शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहिला मात्र मान्य करता येत नाही.

मी 22 वर्षे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. त्या काळात वस्तीतून आलेल्या एकाही बाईच्या तोंडून ‘नैराश्य’ हा शब्द मी ऐकला नाही. ‘कामात जीव लागत नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘डोके भणभण करते’ असे त्या सांगत, आणि म्हणून त्यांना मेडिसिनच्या ओपीडीत बसवले जाई. तिथे ईसीजी निघे, ताकदीच्या गोळ्या मिळत, आणि बाई घरी जाई. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात कमी उत्पन्नाच्या घरांतच मानसिक आजारांचे प्रमाण अधिक आढळले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्या शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. पाण्याचे म्हणाल, तर टँकरसाठी पहाटे तीनला उठणाऱ्या बाईची झोप रोज मोडते आणि मोडलेली झोप हा आजार वाढवते. तेव्हा नळ आधी की मन आधी, असा क्रम तिच्या घरात लावता येत नाही.

नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोकडे कचरा वेगळा करणारी एक तरुण बाई मला विसरता येत नाही. बाळंतपणानंतर तिचे रडणे थांबत नव्हते, म्हणून सासू तिला घेऊन आली. डॉक्टरांनी महिनाभराचे औषध लिहिले आणि औषधांच्या खिडकीवर आठ दिवसांचे मिळाले, कारण साठा तेवढाच होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे म्हणजे दोन बस बदलायच्या, केसपेपरच्या रांगेत सकाळ घालवायची आणि दोघींचीही त्या दिवसाची रोजी पाडायची. चार महिन्यांत तिचे औषध तीनदा सुटले, आणि तिन्ही वेळा तिच्या कागदावर ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही’ अशी नोंद झाली. त्या नोंदी मी वाचल्या होत्या आणि त्यावर काही बोलले नव्हते, हे मला आजही सलते. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात मानसिक आजारी माणूस असलेल्या कुटुंबांचा त्या आजारापायी होणारा महिन्याचा खर्च 1,000 ते 1,500 रुपये निघाला, आणि त्याचा मोठा भाग उपचार व प्रवास यांवर जात होता. बुडालेली मजुरी त्याहून वेगळी.

जनजागृती कोणाची करायची, हा आपला खरा प्रश्न आहे असे मला वाटते. छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपण सारेच ‘पागलखाना चौक’ म्हणतो, ऑटोवालेही त्याच नावाने हाक देतात. त्या हाकेला उतरायची लाज वाटते म्हणून चौक येण्याआधीच उतरून उन्हातून चालत जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. इथे जागे होण्याची गरज रुग्णाला नाही, आपल्याला आहे.

रुग्णाने जाणून घ्यावे असे जे आहे, ते कायद्यात आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रांपासून पुढे, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांपासून, सर्वकाळ विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत, असेही तेच कलम सांगते. भांडेवाडीच्या त्या सासूला हे ठाऊक असते, तर ती खिडकीवरून गुपचूप परतली नसती.

परिस्थिती तीच राहणार असेल तर उपचारांनी काय साधणार, असेही आपण विचारले आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत समुपदेशन आणि डॉक्टरांशी गाठ घालून देण्यात आली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे 4.3 टक्के होते, ते 18 महिन्यांत 27.2 टक्के झाले. या कार्यक्रमाने कोणाचे कर्ज फेडले नव्हते. तरीही जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे उपचारांबाहेरच राहिली, हेही खरे, आणि तिथे आपला कामाचा व पाण्याचा आग्रह मला पटतो.

माझ्या लेखात शिबिराच्या वर्णनात ‘मन खंबीर ठेवण्याचे महत्त्व पटवून दिले’ असे एक वाक्य होते. ते मी काढले आहे. त्या जागी कलम 18 मधील औषधांची तरतूद आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला आहे. औषध अपुरे मिळाल्यास खिडकीवर तसे लेखी मागावे, हेही जोडले आहे.