नथू, तीन जण!

रविवारी माझ्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी मिसळ खाल्ली. आज गुरुवार. मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. प्रयत्न चालू आहेत.

सकाळची उपासना आटोपून मी, बायको आणि आठवीतली लेक गंगापूर रोडकडच्या एका मळ्यात मिसळ खायला गेलो. दारात वही घेतलेला पोरगा. "नाव?" "नथनेल." "नॅथ... काय?" "नथनेल." त्याने जरा विचार केला आणि वहीत 'नथू - 3' असं लिहून विषय संपवला.

वडिलांनी हे नाव फार आशेने ठेवलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू नथनेलाला येताना बघून म्हणतो, ह्याच्या ठायी कपट नाही. म्हणजे जन्मल्या जन्मल्या गळ्यात पाटीच. पोट बरोबर असताना पोटदुखीची रजा टाकायची, तरी अर्जाखाली सही याच नावाची.

तासभर झाला. बायको-लेक झोपाळ्याकडे गेल्या. तेवढ्यात वहीवाल्याने माझी ॲक्टिव्हा वाटेतून हलवायला सांगितली. जागा मिळेना, म्हणून एका पांढऱ्या गाडीच्या मागे लावून परत आलो, तर आमचं टेबल गेलेलं. बायकोने हाक ऐकली होती, पण नथू म्हणजे आपलाच नवरा हे तिला कसं कळणार?

कळलं होतं ते माझ्यामागे नंबर असलेल्या काकांना. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"तुम्हाला पुकारलं होतं हो," काका म्हणाले. "तो निळा टी-शर्टवाला बघा. 'हो, मीच नथू' म्हणाला आणि जाऊन बसला. तीन जण पुकारलं, गेले पाच."

"अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कशाला मधे पडू? म्हटलं, तुम्ही ख्रिश्चन. तुमच्यात चालतं."

"काय चालतं?"

"हेच. एका गालावर मारली की दुसरा पुढे करायचा. मिशनच्या शाळेत शिकलोय मी, सात वर्षं. क्षमा किती वेळा करायची, सांगा बरं?"

मी गप्प.

"सातच्या सत्तर पट. चारशे नव्वद. पुढे मी जन्मभर गणितच शिकवलं. या माणसाची आजची पहिलीच वेळ ना? म्हणजे अजून चारशे एकोणनव्वद शिल्लक आहेत."

मी वहीवाल्याकडे धावलो. "नथू तर बसले की," तो म्हणाला. मी थाप मारली, "लवकर कर बाबा, आम्हाला गाडी गाठायचीय, स्टेशनवर जायचंय." मागून काकांचा आवाज आला, "तुमच्यात हो तर हो आणि नाही तर नाही, असं आहे ना?"

डोंगरावरचं प्रवचन याला पाठ, आणि परीक्षा माझी.

मग पुढचे प्रश्न. "ख्रिश्चन वाटत नाही हो तुम्ही. गोव्याचे का?" म्हटलं, आजोबा राहुरीकडचे. "पण मराठी छान बोलता." आता आम्ही घरात भांडतोही मराठीत आणि प्रार्थनाही मराठीतच करतो, हे किती वेळा सांगायचं? इथे मात्र चारशे नव्वदचा आकडा मी केव्हाच ओलांडलाय.

आमच्या सोसायटीत सहा वर्षं मी खजिनदार आहे. का, तर "तुमच्यात खोटं चालत नाही." आणि एकतीस डिसेंबरला तीच मंडळी डोळा मारून विचारतात, "तुमच्यात घेतात ना?" शेजारचे भाऊसाहेब पार्किंगवरून ओरडले तर भाऊसाहेब ओरडले. मी ओरडलो की ख्रिस्ती माणूस ओरडला. एवढं सगळ्यांच्या वतीने चांगलं वागायचं, तर निदान कुणीतरी भत्ता द्यावा.

एकट्याने उभं राहिलं की माणसाला नको ते आठवतं. शरणपूर रोडवर गाळ्याचा भाव काय, हे नाशकात कुणीही सांगेल, पण ते शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांसाठी मिशनने वसवलेली वस्ती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 साली मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत हा होता. दीड हजार किलोमीटरच्या वर, कित्येक महिने, पायी. आमच्याच गावात शिकलेला पोरगा दुसऱ्याचं प्रेत खांद्यावर घेऊन एवढा चालला, आणि मला एका प्लेट मिसळीसाठी सव्वा तास उभं राहवेना. मनाला असं सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. त्याच्या वाटेवर काळ्या मसाल्याचा वास नसणार.

त्यात सकाळीच पाळकसाहेबांनी संदेश दिला होता, जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील. भोगतील तेव्हा भोगतील. सातबारा अजून निळ्या टी-शर्टच्याच नावावर आहे. त्याने तिसऱ्यांदा रस्सा मागवला. पोराने पापड पाडला, तर दुसरा आणवला. जाताना, म्हणजे निदान हात धुवायला जाताना, त्याने माझ्याकडे बघून ओळखीचं हसावं? मीही हसलो. ते सौम्यतेने नव्हतं, सवयीने होतं.

शेवटी आम्हाला टेबल मिळालं. चौथी खुर्ची रिकामी होती, म्हणून वहीवाल्याने काकांना आमच्यातच बसवलं. मी डोळे मिटून आभार मानले. डोळे उघडले तर काका माझ्याकडे तपासनिसासारखे बघत होते. मिसळ आली. दही, कांदा, भाजलेला पापड, कडेने तेलाचा लाल तवंग. पहिला घास तोंडात गेला आणि बाहेरून वहीवाला ओरडला, "राखाडी ॲक्टिव्हा कुणाची? पांढऱ्या गाडीच्या मागची! साहेबांना निघायचंय!"

फाटकाशी, उन्हात, किल्ली फिरवत निळा टी-शर्ट उभा होता. मागे त्याचे चौघे.

"पप्पा," लेक म्हणाली, "आपलीच ना?"

"पाव गार होतोय. खा."

काकांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. पापडाचा एक बारीक तुकडा मोडला, तो सावकाश चावला, आणि वाढप्याला हात करून म्हटलं, "दादा, इकडे रस्सा."