टॅरिफ म्हणे परदेशी भरतात!

"टॅरिफचा पैसा परदेशी देश भरतात. मॅककिन्लीच्या काळात अमेरिका टॅरिफवरच श्रीमंत झाली, तेव्हा आयकर नव्हता, आताही जाईल. रेगननेही टॅरिफ लावलेच होते. कारखाने परत येतायत, व्यापारातली लूट थांबतेय. विरोध करणारे सगळे डावे आणि ग्लोबलिस्ट."

थोड्याफार फरकाने हा मजकूर अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर बरेच दिवस फिरतोय. खाली टाळ्यांचे इमोजी, आणि कुणी शंका काढली की "तू डेमोक्रॅट झालास का रे?" हा ठरलेला प्रश्न. तर आधीच सांगून टाकतो. मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. कर कमी असावेत, सरकारने आपल्या मर्यादेत राहावं आणि राज्यघटना लिहिली आहे तशी वाचावी, या मतांचा. मतही आजवर रिपब्लिकनांनाच देत आलोय. हा मेसेज मला खटकतो तो त्याच कारणाने.

पहिलाच दावा घ्या: टॅरिफ, म्हणजे आयातीवरचं शुल्क, परदेशी देश भरतात. कुठे भरतात ते कागदावर बघू. न्यू जर्सीतल्या एका व्यापाऱ्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूरहून १०,००० डॉलरचे सुती टेरी टॉवेल मागवले असं समजा. कंटेनर बंदरात लागला की त्याचा कस्टम्स ब्रोकर ७५०१ नंबरचा फॉर्म भरतो. टॉवेलचा नेहमीचा दर ९.१ टक्के, म्हणजे ९१० डॉलर. त्याच्या जोडीला दरसूचीच्या ९९व्या प्रकरणातले जादा कोड. भारतीय मालावर तेव्हा २५ अधिक रशियन तेलापायी आणखी २५, असे ५० टक्के लागत होते. म्हणजे वर ५,००० डॉलर. प्रोसेसिंगची आणि बंदराची फी वेगळी, पण ती किरकोळ. याच फॉर्मवर 'इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड' अशी एक चौकट असते आणि तिच्यात न्यू जर्सीच्या कंपनीचं नाव असतं. माल सुटल्यावर कामाच्या दहा दिवसांत ५,९१० डॉलर भरायची जबाबदारी त्या कंपनीची. फॉर्मवर भारताचं नाव येतं ते माल कुठला एवढं सांगण्यापुरतं.

मुंबईकरांना खरं तर हे समजावायची गरज पडू नये. २०१७ पर्यंत मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या. ती जकात नाशिकने भरली असं कुणी म्हणालं असतं, तर रांगेतला क्लीनरसुद्धा हसला असता.

आता एक वाजवी आक्षेप. फॉर्मवर पैसे कुणीही भरो, विकणाऱ्याने भाव उतरवला तर झळ त्याला बसते. तत्त्वतः बरोबर आहे, आणि थोडंफार तसं होतंही. पण २०१८-१९ मध्ये चिनी मालावर टॅरिफ बसले, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी आयातीचे आकडे घेऊन नेमकं हेच तपासलं. टॅरिफ धरण्याआधीचे भाव जवळजवळ उतरलेच नव्हते. बोजा बहुतेक सगळा अमेरिकेतल्या आयातदारावर, दुकानदारावर आणि गिऱ्हाइकावर पडला. सोलापूरला फटका बसतो तो निराळ्या वाटेने: ऑर्डर रद्द होते, माग थांबतात. ते नुकसान खरंच आहे, पण त्यातला एक सेंटही वॉशिंग्टनच्या तिजोरीत जात नाही.

व्हाइट हाऊसलाही हे ठाऊक आहे. १४ नोव्हेंबर २०२५ ला कॉफी, चहा, केळी, टोमॅटो, मसाले, बीफ अशा जिनसा जादा टॅरिफमधून वगळण्यात आल्या, कारण वाण्याच्या बिलावरून लोक ओरडत होते. टॅरिफ कॉफी पिकवणारा देश भरत असेल, तर ओहायोतल्या माणसाच्या कॉफीसाठी तो उठवायचं कारण काय?

मॅककिन्लीवर जरा थांबायला हवं, कारण इथे अर्धाच इतिहास सांगितला जातो. विल्यम मॅककिन्ली प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना त्यांच्या नावाचा टॅरिफ आला, तो १८९० चा. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांचं पानिपत झालं आणि खुद्द मॅककिन्ली पडले. (डेमोक्रॅटांनी त्यांचा मतदारसंघ सोयीने कापला होता हेही खरं, पण देशभरच्या पराभवाला ते कारण पुरत नाही.) पुढे ते ओहायोचे गव्हर्नर झाले, मग राष्ट्राध्यक्ष. ५ सप्टेंबर १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात त्यांनी जे भाषण केलं त्याचा आशय असा: एकटं राहण्याचे दिवस सरले, व्यापारयुद्धं फायद्याची नसतात, आता परस्परांना सवलती देणारे करार हवेत. दुसऱ्या दिवशी त्याच प्रदर्शनात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ तारखेला ते गेले. संरक्षणवादाचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ता शेवटच्या भाषणात हे बोलून गेला. मेसेजवाल्यांचा मॅककिन्ली मात्र १८९० लाच थांबलेला.

बरं, त्या शतकात अमेरिका वाढली ती टॅरिफमुळे की टॅरिफ असूनही? रेल्वे वाढत होती, ब्रिटिश भांडवल येत होतं, युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. आणि जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक मुक्त बाजारपेठ देशातच उभी राहत होती. राज्यघटनेमुळे ओहायोला पेनसिल्व्हेनियाच्या मालावर टॅरिफ लावता येत नव्हता, आजही येत नाही. मुक्त व्यापाराचा एवढा मोठा प्रयोग घरातच यशस्वी झालेला असताना श्रेय कुंपणाला कसं देता?

आयकराचा हिशेब पाठकोऱ्या कागदावर होईल एवढा सोपा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंद्र सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन-तीन टक्के होता, आज तो २३ टक्क्यांच्या आसपास आहे. २०२४ या आर्थिक वर्षात वैयक्तिक आयकरातून सुमारे २.४ लाख कोटी डॉलर आले. त्याच सुमारास वर्षाची सगळी वस्तूंची आयात साधारण ३.३ लाख कोटींची. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ७० टक्क्यांहून जास्त टॅरिफ लावायचा, आणि तरी आयात तसूभर घटता कामा नये. पण मेसेज तर म्हणतोय की कारखाने परत येणार! ते आले की आयात घटणार, आयात घटली की वसुलीही घटणार. तिजोरी भरायची की आयात थांबवायची, एक काय ते ठरवा. टॅरिफ वाढवूनही २०२५ च्या आर्थिक वर्षात कस्टम्सची वसुली सुमारे १९५ अब्ज डॉलरच होती, म्हणजे आयकराच्या दहाव्या हिश्शाहून कमी. आयकर आला १९१३ च्या सोळाव्या दुरुस्तीने, आणि त्यासाठी जोर लावणाऱ्यांत दक्षिणेतले आणि पश्चिमेतले शेतकरी पुढे होते. टॅरिफपायी महाग वस्तू घेऊन घेऊन ते कावले होते.

रेगनचं म्हणाल, तर हो, लावले होते. १९८१ मध्ये जपानी मोटारींवर वर्षाला १६.८ लाखांची मर्यादा आली, कागदोपत्री जपानच्या 'स्वखुशीने'. १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसाठी मोठ्या मोटरसायकलींवर जबर शुल्क बसलं. १९८७ मध्ये सेमीकंडक्टरच्या करारावरून ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के. मला यातलं मोटारींचं प्रकरण तेव्हाही चूकच वाटतं: संख्या बांधून दिल्यावर जपान्यांनी जास्त महागाच्या गाड्या पाठवल्या आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसली. पण रेगनची भूमिका काय होती? २५ एप्रिल १९८७ च्या रेडिओ भाषणात त्यांनी आधी सांगितलं की हे पाऊल आपण नाइलाजाने उचललं. मग उरलेला वेळ टॅरिफने प्रतिटॅरिफ कसे ओढवतात, बाजार कसे आक्रसतात आणि नोकऱ्या कशा जातात हे समजावण्यात घालवला.

हेच भाषण ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने जाहिरातीत वापरलं. तिथले मुख्यमंत्री डग फोर्ड, पक्ष प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. ट्रम्प इतके चिडले की कॅनडाशी चाललेली व्यापाराची बोलणीच तोडली. जाहिरातीत वाक्यं मागेपुढे केली होती, तो आक्षेप मला मान्य. पण मूळ भाषण पाचेक मिनिटांचं आहे, सहज मिळतं. पूर्ण ऐका आणि मग रेगनचं नाव घ्या.

कारखाने परत येतात का? कधी कधी येतात. जानेवारी २०१८ मध्ये व्हर्लपूलच्या मागणीवरून वॉशिंग मशिनवर टॅरिफ बसला, आणि सॅमसंगने साऊथ कॅरोलायनात, एलजीने टेनेसीत मशिनं बनवायला घेतली. आता बिल बघा. या टॅरिफवर झालेला अभ्यास सांगतो की मशिनामागे किंमत सुमारे ८६ डॉलरने चढली. गंमत म्हणजे ड्रायरही ९२ डॉलरने महागला, आणि ड्रायरवर टॅरिफ नव्हताच! दुकानात जोडी विकली जाते, म्हणून वाढ दोन्हींवर वाटून टाकली. नोकऱ्या आल्या अंदाजे १,८००, आणि गिऱ्हाइकाने मोजले नोकरीमागे सुमारे ८,१५,००० डॉलर. एवढ्या पैशात त्या कामगाराला घरी बसवून आयुष्यभर पगार देता आला असता. त्याच काळात चीनने सोयाबीनवर उलट टॅरिफ लावला, आणि आयोवातल्या शेतकऱ्यांसारख्यांना सावरायला सरकारने दोन हप्त्यांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्याने अनुदान वाटायचं, कुणाला सूट मिळणार ते वॉशिंग्टनने ठरवायचं. हे ओबामांनी केलं असतं तर आपणच समाजवाद म्हणून गळा काढला असता. दारूगोळा, काही चिप्स, लढाईच्या वेळी लागणारी औषधं यांच्यासाठी अपवाद मी मानतो. टॉवेल त्यात बसत नाहीत.

व्यापारी तूट (निर्यातीपेक्षा आयात जास्त) म्हणजे लूट, हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. २००९ मध्ये अमेरिकेची तूट आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली होती, आणि ते वर्ष ज्यांनी नोकरी गमावून काढलंय त्यांना विचारा देश किती सुखात होता.

राहिला शेवटचा, 'विरोधक सगळे डावे'. टॅरिफ ही डाव्यांची आणि युनियनांची जुनी आवड. बायडन यांनी ट्रम्पचे चीनवरचे बहुतेक टॅरिफ तसेच ठेवले आणि २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर १०० टक्क्यांवर नेला. तेव्हा आज गळा काढणाऱ्या डेमोक्रॅटांना मी फार भाव देत नाही. उलट ३० ऑक्टोबर २०२५ ला सिनेटने जगभरच्या टॅरिफविरुद्ध ५१ विरुद्ध ४७ असा ठराव केला, त्यात रँड पॉल आणि मिच मॅककॉनेल हे रिपब्लिकन सिनेटर होते. या दोघांना डावं म्हणायला जीभ रेटेल का? कोर्टात न्यूयॉर्कच्या एका छोट्या वाइन आयातदाराची बाजू लिबर्टी जस्टिस सेंटरने घेतली. सरकारी युनियनांची सक्तीची फी बंद करणारा २०१८ चा जॅनस खटला लढलेली हीच संस्था.

आणि इथेच घोडं पेंड खातं. घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या भागात कर आणि आयात शुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिलाय. राष्ट्राध्यक्षाने तो १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यातून ओढून घेतला. त्या कायद्यात टॅरिफ हा शब्द नाही. काँग्रेसने काय केलं? मार्च २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन बहुमताने असा नियम केला की टॅरिफसाठी जाहीर केलेली आणीबाणी उठवण्याच्या ठरावावर मतदान घेण्याची मुदत मोजताना त्या अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस 'दिवस' धरायचा नाही. मतदान टाळायला कॅलेंडरच बंद! ज्यांना घटनेची शपथ आठवते म्हणून मी मतं देत होतो, त्यांचं हे कर्तृत्व.

या खटल्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत हा धोका नेमका बोलून दाखवला तो न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, ट्रम्प यांनीच नेमलेल्या. एकदा सत्ता अध्यक्षाकडे गेली की ती परत घ्यायला नकाराधिकार ओलांडण्याइतकं बहुमत लागतं, म्हणजे ती एकाच दिशेने सरकत राहते, असा त्यांचा रोख होता. २० फेब्रुवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की या कायद्याखाली टॅरिफ लावता येत नाही. निकाल लिहिला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी, सोबत गॉर्सच आणि बॅरेट. तिघेही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले.

निकालाच्या आधीपासूनच परताव्यासाठी दावे लागले होते. त्यात कॉस्टको होती, आणखी कितीतरी अमेरिकन कंपन्या होत्या. पैसे भरले होते त्यांनी, मग मागणार कोण दुसरं?

व्हाइट हाऊसने त्यानंतर १९७४ च्या व्यापार कायद्याचं १२२ वं कलम पुढे केलं. त्यात कमाल दर १५ टक्के, मुदत १५० दिवस, आणि पुढे चालू ठेवायचं तर काँग्रेसने कायदा करायला हवा. आमच्या प्रतिनिधीच्या ऑफिसात मी फोन करून विचारलं, मुदतवाढीचं विधेयक आलं तर साहेब हो म्हणणार की नाही? पलीकडच्या मुलाने नाव, पत्ता आणि झिप कोड लिहून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही.