दुपारी ट्रिप होणाऱ्या सोलरबद्दल आमचं उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत: "३ किलोवॉटचं सोलर बसवलं, पण ऐन उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो. लाइट गेली की सोलरही जातं. माल डुप्लिकेट, आणि फोन केला की 'उद्या येतो'." फोनबद्दल मला तोंडच नाही. अकरा दिवस घालवले आम्ही. माणसं कमी होती वगैरे सांगत बसत नाही.

माल मात्र डुप्लिकेट नाही. रविवारी तुमच्यासमोरच इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घराच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राची, नोंद उघडली. एका दिवसात ९ ट्रिप, म्हणजे ९ वेळा तो आपोआप लाइनपासून सुटला, सगळ्या साडेअकरा ते अडीचच्या दरम्यान, कारण दर वेळी एकच: व्होल्टेज जास्त.

घरगुती लाइन २३० व्होल्टची. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं, की इन्व्हर्टरनं २ सेकंदांत लाइन सोडायची असते. मळ्यातल्या मोटारी बंद होत्या, लाइनवर भार कमी, तेव्हा तुमच्या पोलवरच २४३ भरलं. तिथून घरापर्यंत ४० मीटर जुनी ॲल्युमिनियमची वायर, जाडी फक्त २.५ चौरस मिलिमीटर. बारीक पाइपातून पाणी ढकलायला मोटारीला जास्त दाब लागतो ना, तसंच हे. सोलरची १२ अँपिअर वीज बाहेर लाइनवर ढकलायला इन्व्हर्टरला ११-१२ व्होल्ट वर चढावं लागतं. झाले २५५. सुटला. मग जरा थांबून पुन्हा जोडतो, ऊन तेच, वायर तीच, पुन्हा सुटतो.

आता आमची चूक. पाहणीला पोरं संध्याकाळी साडेसहाला आली. घरोघरी दिवे, टीव्ही चालू. मीटरवर २२४ दिसलं आणि "ओके" लिहून परतली. पोलवरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरीकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

तुमचा पुतण्या म्हणाला, ट्रिपची मर्यादा २७० करून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि करून देणारे भेटतीलही. मी करणार नाही. नियमात बसत नाही, आणि ते वाढलेलं व्होल्टेज तुमच्याच फ्रिजला सोसावं लागेल. त्याऐवजी २४८ च्या वर गेल्यावर इन्व्हर्टरनं वीज हळूहळू कमी करायची, अशी सोय त्याच्यातच आहे, ती चालू केली आहे. दुपारचे थोडे युनिट जातील, पण धाडकन बंद पडणं कमी होईल. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी वीज कंपनीकडे अर्ज दिलाय, खर्च आमचा. ती पडली की १२ चे ३ व्होल्ट होतील.

लाइट गेल्यावर सोलर थांबतं, तो बिघाड नाही. वायरमन पोलवर चढलेला असताना तुमच्या छतावरची वीज उलटी डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरली, तर पलीकडे ११,००० व्होल्ट तयार होतील. लाइट गेल्यावरही घर चालवायचं तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. आमच्या कोटेशनमध्ये हे तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. तोंडी सांगायला हवं होतं. आता पहिल्या पानावर घेतलंय.

शनिवारी मी स्वतः मीटर घेऊन येतो. दुपारी १२ ला, संध्याकाळी नाही.