घासताना थोडं रक्त येतंच की

हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. नाशिकच्या सिडकोत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा उपाशीपोटी आलेली माणसं बाहेर उभीच असतात. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळी भरेपर्यंत दोन शब्द बोलायचे. हल्ली शुगरवाला पेशंट असला की मी हमखास विचारते, "दात घासताना रक्त येतं का?" उत्तर ठरलेलं. येतं थोडं, त्यात काय एवढं.

लघवीतून एकदा रक्त गेलं तर हाच माणूस रिक्षा करून दवाखाना गाठतो. बेसिनमध्ये रोज गुलाबी चूळ पडते, तेव्हा मात्र नळ सोडतो आणि चहाला बसतो.

मलाही हे उशिरा कळलं, तेही घरातच घडलं म्हणून. माझ्या सासूबाई निफाड तालुक्यातल्या. द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, आणि निघण्याआधी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाचं टोक कायम काळपट असायचं. मिश्रीने भूक मरते, दातांचं दुखणं बधिर होतं. चाळीस वर्षं हेच त्यांचं दंतमंजन.

शुगर निघाली त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन वर्षं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, नऊच्या खाली यायला तयार नव्हतं. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिनची भाषा सुरू झाली. आईंनी भात सोडला, चहातली साखर सोडली, श्रावणातल्या पुरणपोळीलाही हात लावला नाही. रिपोर्ट माझ्याच हातून निघायचा आणि मी त्यांनाच विचारायचे, "आई, चोरून काही गोड खाता का?" त्या नातवाची शपथ घ्यायच्या. त्या प्रश्नाचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्याच काळात त्यांचे खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे काढून दिले. का हलले ते कोणी सांगितलं नाही. आणि ज्यांच्याकडे शुगरची फाइल होती त्यांनी दोन वर्षांत एकदाही "आ करा" म्हटलं नाही. पायांची संवेदना तपासली, डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवलं, किडनीसाठी लघवी झाली. तोंड तेवढं कोणाच्याच वाट्याला आलं नाही. एकाने दात पाहिले, एकाने शुगर पाहिली, आणि मधली हिरडी कोणाचीच नव्हती.

म्हणून माझं म्हणणं आहे, आणि ते मी प्रत्येक पेशंटला सांगते, की शुगरच्या फाइलमध्ये हिरड्यांचं एक पान असलंच पाहिजे.

शेवटी आईंना पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात नेलं. शिकणारी मुलं-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण नीट बघतात आणि खर्चही खाजगीपेक्षा कमी येतो. तिथल्या मुलीने खुणा असलेली बारीक सळई घेतली आणि एकेका दाताभोवती सहा-सहा ठिकाणी दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजायला लागली. शेजारची लिहून घेत होती. तीन, तीन, चार. पाच, सहा, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे आजार, एवढं तिने आधीच सांगितलं होतं. त्यामुळे आकडा वाढला की आई माझ्याकडे बघायच्या. मागच्या दाढेला सात आला.

मग साफसफाई सुरू झाली. हिरडीच्या आतून निघालेला एक खडा तिने कापसावर ठेवला. काळपट हिरवा, तांदळाच्या कणीएवढा. मी नखाने फोडून पाहिला, फुटेना. अकरा वर्षं मी आईंचं रक्त तपासत होते आणि हा दगड तिथेच होता.

खडा बनतो तो आपल्याच लाळेतून, आणि हिरडीच्या आत असला तर तिथे पाझरणाऱ्या द्रवातून. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, त्याला आपण किटण म्हणतो. तो ब्रशने निघतो. राहिला तर काही दिवसांत लाळेतला कॅल्शियम त्यात मुरतो आणि तो कडक होतो, मग कितीही घासा. त्याच्या खरबरीत पाठीवर नवे जंतू बसतात आणि हिरडी सुजते. इथवर सगळं परत फिरवता येतं. डेन्मार्कमधल्या आरहूसला १९६५ मध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात ठीक झाल्या. त्या बारांत दोघं लॅब टेक्निशियन होते, म्हणून मला हा प्रयोग जास्तच जवळचा वाटतो.

पण सूज वर्षानुवर्षं राहिली की जंतूंशी लढता लढता शरीर दाताभोवतीचं हाडच खातं. गेलेलं हाड परत पहिल्यासारखं होत नाही. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात, आणि दात हलला की "वय झालं" म्हणून मोकळे होतात. साठीला दात पडलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

आता शुगरचं. रक्तातली साखर जास्त असली की हिरडीचा आजार लवकर जडतो आणि जोरात वाढतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. उलटंही खरं आहे. हिरड्यांतली जुनी सूज रक्तात अशी रसायनं सोडते की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. याच लो यांनी १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र तपासले, तर हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने उतरलेलं दिसलं. आकडा वाचायला लहान आहे. पण मी रोज रिपोर्ट छापते, मला माहीत आहे की पॉइंट चार खाली आणायला माणसाला किती जिवाचं रान करावं लागतं.

हृदयाबद्दल मात्र जपून बोलते, कारण ग्रुपवर "हिरड्या जपा, अटॅक टाळा" असे मेसेज फिरतात. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात पुष्कळदा सापडतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं. याबाबतीत अतिरेक एकदा होऊन गेलाय. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलला भाषण केलं की तोंडातल्या पूमुळे शरीरभर आजार होतात. मग सांधे दुखले की दात काढ, असं सुरू झालं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने वेड बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात उपटले. हे खोटं ठरलं, आणि त्यानंतर डॉक्टरांनी तोंडाकडे बघणंच कमी केलं असावं असं मला वाटतं. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांनी मात्र दात काढण्याआधी किंवा सफाईआधी डेंटिस्टला सांगायलाच हवं, त्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बीपीची अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या फुगतात, तेही दाखवून घ्या. गरोदरपणात हिरड्या सुजतात, तेव्हा "बाळंतपणानंतर बघू" म्हणू नका, सफाई त्या काळातही करता येते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून तो निर्धास्त असतो आणि आतून हाड जात राहतं.

सगळ्यात जास्त चीड मला एका समजुतीची येते. दात क्लीन केले की हलतात म्हणे! अहो, ते आधीच हललेले असतात, दगडाने धरून ठेवलेले असतात. दगड निघाला, सूज उतरली की दातांत फट दिसते, थंड पाण्याने काही दिवस कळ येते. आईंनाही आली. पहिल्या रात्री त्या म्हणाल्या, "होते ते बरं होतं गं." मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, लवंगेनेही वाटतं, पण खडा त्याने सुटत नाही.

मेडिक्लेममध्ये दातांचा खर्च अपघात सोडला तर सहसा बसत नाही. हाही मला अन्याय वाटतो. दात काय शरीराबाहेर आहेत?

मिश्री सुटायला तीन महिने लागले. दोनदा डबी परत सापडली, एकदा देवघरात. मी रागावले नाही, चाळीस वर्षांची सवय आहे. दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश आणून दिला आणि रोज रात्री शेजारी उभी राहिले. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.३ आलं. गोळ्या त्याच होत्या. सगळं श्रेय हिरड्यांना देणार नाही, मिश्रीही सुटली होती आणि आईंना नीट चावून भाजीभाकरी खाता यायला लागली होती. पण इन्सुलिनचा विषय तूर्त मागे पडला.

गेल्या आठवड्यात पुन्हा सळई लावून मोजलं. चार, तीन, तीन. बहुतेक ठिकाणी चारच्या आत. मागच्या दाढेचा सात पाचवर आलाय, तिथे हिरडी उघडून आतून साफ करावी लागेल, शुगर अजून थोडी उतरली की. आईंनी त्या मुलीला एकच विचारलं, "त्या बाजूनं बाजरीची भाकरी कधी खायची?"